काल खारट, आज अळणी

तेरावं उरकलं, पावणं आपापल्या गावाला गेलं, आता तुम्ही जरा गप बसून माझं ऐका. गेले तेरा दिवस या घरात तुमच्याबद्दल इतकं खोटं बोललं गेलंय की माझे कान किटले.

"मिस्त्री म्हंजे देवमाणूस," समोरची म्हणाली. "आजारी बायकोला सव्वा वर्ष स्वतःच्या हातानं रांधून घातलं. असा नवरा मिळायला नशीब लागतंय." डोळ्याला पदर लावून म्हणाली हे. तिनं तुमच्या हातचा एक घास तरी खाल्लाय का? दिवाळीत तुम्ही तिला ताटलीभर नाचणीची घावनं नेऊन दिली होती. ती दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला म्हशीपुढं पडलेली मी या डोळ्यांनी बघितली. म्हैससुद्धा खाऊ का नको करत उभी होती. आणि ही बाई तेरा दिवस सांगत सुटली, अन्नपूर्णेचा हात होता म्हणे तुम्हाला. तीस वर्षं उचगावच्या वर्कशॉपात लेथ मशीनवर लोखंड सोलणारा माणूस, आणि अन्नपूर्णा! डोंबलाची अन्नपूर्णा.

आल्यागेल्यासमोर मी काही बोलले नाही. सुतकात तोंड कशाला उघडायचं म्हणून भिंतीला टेकून बसून राहिले. लोकांना वाटलं, बाई दुःखानं मुकी झाली. मी मुकी नव्हते, संतापले होते. आपल्या पोरीनं, सुजीनं, तिच्या लग्नातला फोटो मोठा करून आणलाय तुमचा. फेटा बांधून, छाती काढून असे बसलाय की बघणाऱ्याला वाटावं, काय मोठा पराक्रम करून गेलाय माणूस. पराक्रम मला विचारा. छताला मिक्सरमधला पांढरा रस्सा उडालेला डाग अजून तसाच आहे.

एकवीस वर्षं मी या घरात मेस चालवली. दोन वेळचे चाळीस डबे, एकटीच्या जिवावर. माझ्या हातचा तांबडा रस्सा ओरपून गेलेली पोरं आज पुण्या-बेंगलोरला असतात आणि अजून फोन करून विचारतात, काकू, चटणीत धने किती घालायचे. लग्न कुणाचंही असो, आचारी पातेल्यावर झाकण घालायच्या आधी माणूस पाठवायचा, "काकूंना बोलवा, मीठ बघायचंय." मी चमचाभर तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची आणि सांगायची. परत कुणी दुसऱ्याला विचारत नव्हतं. आणि तुम्ही? तुम्हाला तेव्हा गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत नव्हतं. चहा करा म्हटलं तर दूध आधी का पाणी आधी हे विचारायला अंगणात यायचा.

मग माझं तोंड गेलं. सकाळ-संध्याकाळ दाताला भाजलेली तंबाखू घासायची, मिश्रीची ही सवय मला आईकडून लागलेली. तुम्ही शंभरदा सोड म्हणालात आणि मी शंभरदा "गप बसा" म्हटलं, हे मान्य आहे, उगाच फोटोतनं तसं बघू नका. गालात जखम झाली, ती कॅन्सरची निघाली, ऑपरेशन झालं, पुढं महिना-दीड महिना रोज मशीनखाली झोपवून रेडिएशनची लाईट दिली. शेवटी डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलं, तिखट बंद, आणि वजन उतरू द्यायचं नाही. आणखी उतरलं तर नाकातनं नळी घालून पातळ द्यावं लागेल. वॉर्डात माझ्या शेजारच्या कॉटवर तशी एक म्हातारी होती. नाकात नळी, आणि डोळे छताला. येताना रिक्षात मी तुम्हाला म्हटलं, "मला नळी घालायची नाही. सांगून ठेवते. त्यापेक्षा मेलेली बरी."

तुम्ही एवढंच म्हणालात, "बघतो मी."

काय बघितलंत? रिटायर होऊन चार महिने झालेले, हाताला काम नाही, म्हणून माझ्या स्वयंपाकघरात घुसलात. मेस बंद पडलेलीच होती. माझी चाळीस वर्षांची जागा तुम्ही एका सकाळी बळकावलीत. खांद्यावर तो वर्कशॉपातला नॅपकीन, कानाला पेन्सिल, आणि भाकरीची जाडी मोजायला व्हर्नियर! जगात कुठल्या माणसानं भाकरीला व्हर्नियर लावलाय हो? ती भाकरी मापात बसली, पण तव्यावरनं निघेना. मग पाना घेऊन आलात.

पहिलं काय केलंत, तर मिरचीशिवाय तांबडा रस्सा. बीटाचा. कोल्हापुरात राहून बीटाचा तांबडा रस्सा! तांबडासुद्धा झाला नाही, जांभळा झाला. तुमची बोटं तीन दिवस जांभळी, मोरी जांभळी, सुजीच्या पोरीला बसायला केलेला तो पाटसुद्धा जांभळा. मग मोबाईलवर कुठल्या तरी बाईनं दाखवलं म्हणून पांढऱ्या रश्श्यात ओट्स वाटून घातलेत. मटणाचं पाणी, नारळाचं दूध आणि ओट्स. मिक्सरचं झाकण लावायचं असतं हे त्या बाईनं दाखवलं नव्हतं वाटतं. साबुदाण्याची इडली केलीत ती साच्यातनं निघेना, तर साच्यासकट माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "हितनंच खा की, चमच्यानं."

हे सगळं करताना तोंडाला लाज म्हणून नाही. उलट रुबाब! वाटी घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "ट्रायल पीस हाय. बोल, ओके का रिजेक्ट?" तुमच्या वर्कशॉपात नवीन काम आलं की आधी एक नग करून बघायची पद्धत. तो इन्स्पेक्शनला जायचा, तिथनं ओके नाहीतर रिजेक्ट असा शिक्का यायचा. मी म्हणजे तुमचं इन्स्पेक्शन.

"रिजेक्ट," मी म्हणायची.

"कशात रिजेक्ट?"

"मीठ बघा आधी. हातानं घातलं का फावड्यानं?"

"बरं. आणि?"

आणि म्हटल्यावर आणखी एक चमचा घ्यावाच लागायचा. नावं ठेवायची तर नीट ठेवावी, वरवर बोलून सोडून दिलं तर तुम्हाला वाटायचं, जमलंच की. मग मी सांगायची, कच्चट लागतंय, आलं जास्त झालंय, भोपळा उकडलाय का कुजवलाय. तुम्ही मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच एक गोष्ट बदलायचा. "एका टायमाला एकच सेटिंग बदलायचं," हे तुमचं ठरलेलं. "चार गोष्टी एकदम फिरवल्या तर चूक कशात हाय ते कळत न्हाय." मीठ बदललं तर त्या दिवशी आल्याला हात नाही. असा माणूस मी आयुष्यात बघितला नाही. एक सार जमवायला लोकं दहा मिनिटं घेतात, तुम्ही आठवडा घ्यायचा, आणि तरी ते भिकारच व्हायचं.

आता एक सांगते. हे जिवंतपणी सांगायचं होतं.

मला चव कळत नव्हती. कशाचीच नाही. लाईट चालू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात जीभ मेली. एकदा तुम्ही बाहेर गेलेला बघून मी मिठाच्या बरणीतनं चिमूट उचलून तोंडात धरली. नुसतं झोंबलं, खारट नाही लागलं. मग साखर धरली. काही नाही. मातीचा खडा धरला असता तर तेवढाच लागला असता. तिथंच ओट्याला धरून उभी राहिले आणि ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, बऱ्याच जणांची येते परत, थोडा वेळ लागतो. म्हटलं, येऊ दे आधी, मग सांगू.

का नाही सांगितलं, विचारता? मेस गेली, दात गेले, गालाला खड्डा पडला, पदर तोंडावर धरल्याशिवाय बाहेर पडवेना. पण लग्नात मीठ बघायला मला बोलवायचे, तेवढं एक माझं होतं. तेही गेलं म्हणून मी माझ्या तोंडानं सांगायचं? आणि कुणाला, तर भाकरीला व्हर्नियर लावणाऱ्याला?

म्हणून मी थापा मारल्या. ओट्याशी असताना माझ्याकडं तुमची पाठ असायची, मी कॉटवरनं बघत असायची. बरणीत दोनदा हात गेला की वाटी समोर आल्यावर खारट म्हणायचं. पाणी जास्त ओतलेलं दिसलं की अळणी. लिंबू कापल्याचा आवाज आला की आंबट. कधी काहीच दिसलं नाही तर मनाला येईल ते. आणि तुम्ही दीडशहाणे माझ्या त्या खोट्या शिक्क्यावर दुसऱ्या दिवशी मीठ चिमटीनं मोजून कमी करायचा. आख्खा पावसाळा तुम्हाला मी असं नाचवलं. आत्ता आठवलं की माझीच मला शिसारी येते. तुमच्या सगळ्या रश्श्यांपेक्षा बेचव काही या घरात असेल तर ते माझं ते इन्स्पेक्शन.

भोपळ्याच्या साराचं आठवतं का? मंगळवारी केलंत, मी म्हटलं, खारट. बुधवारी परत तेच आणलंत, मी म्हटलं, अळणी, काल बरं होतं त्यापेक्षा. तुम्ही नॅपकीनला हात पुसत माझ्याकडं जरा वेळ बघत राहिलात. "काल खारट, आज अळणी," एवढंच म्हणालात. मग "बरं" म्हणून पातेलं उचलून गेलात. मला वाटलं, रुसलं खुळं.

त्यानंतर तर तुम्ही ताळच सोडलात. मटकी शिजवून गाळून घेतली, फरसाण दुधात भिजवलं आणि त्याला मिसळ म्हणून माझ्यापुढं ठेवलंत. कोल्हापूरच्या माणसानं दुधातली मिसळ करायची! मी तासभर तोंड चालवलं त्या दिवशी. तुमच्या आईपासून सुरुवात केली. मग ताकात शेवया, मग वरणात काकवी, मग केळ्याचं पिठलं. मी म्हणायची, "अवो, हे सुचतं कसं तुम्हाला? पिऊन करताय काय?" आणि तुम्ही वाटी धरून समोर उभे, "कशात रिजेक्ट ते सांग की." हसायचा वर. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की वाटी फेकून मारावी. फेकायला जावं तर तोवर ती खाऊन रिकामी झालेली असायची.

आणि मग तो केळ्याच्या पिठल्याचाच दिवस. सकाळचे नऊ वाजले असतील. मी म्हटलं, "हे कुत्रंसुद्धा हुंगणार नाही. उद्यापासून ओट्याला हात लावलात तर बघा. तुम्हाला जन्मात जमायचं नाही हे." तुम्ही म्हणालात, "उद्याचं उद्या बघू." पातेलं घेऊन मोरीकडं गेलात. पाण्याचा आवाज आला, मग पातेलं पडल्याचा आला. मी इथनं ओरडले, "पाडा, तेवढंच राहिलंय." तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मी परत ओरडले, मग उठून आले तर तुम्ही मोरीच्या कट्ट्याला टेकून खाली बसला होता, नळ चालूच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणात गेले, त्रास झाला नाही. त्यांना काय जातंय सांगायला. तुमच्या कानात शेवटी काय पडलं ते त्यांना कुठं माहीत आहे? चाळीस वर्षांच्या संसारात शेवटचा शब्द मी तुम्हाला "पाडा" म्हणून दिला. कुणाला सांगू हे? समोरचीला सांगू?

त्या दिवसापासून माझ्या पोटात काही जाईना. गल्लीतल्या बायकांनी डबे आणले, सुजी कागलहून आली ती रोज मऊ मऊ करून घालतेय. दोन चमचे खायचे, "छान झालंय" म्हणायचं, वाटी सारायची. बाराव्याच्या आदल्या दिवशी तिनं मऊ पिठलं केलं. मी दोन चमचे घेतले आणि म्हटलं, "छान झालंय गं."

सुजी उठता उठता परत बसली. "आई, मीठ घालायचं ऱ्हायलंय त्यात. मी आत्ता आणायला उठत होते."

मी वाटी सारली.

"म्हंजे बाबा म्हणत होते ते खरं हाय," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी कधी तरी तुम्ही तिला फोनवर म्हणाला होता, "तुझ्या आईच्या जिभेचं गेज गेलंय गं. एकच जॉब दोनदा मापायला दिला. मंगळवारचं सार झाकून ठेवून बुधवारी तेच गरम करून दिलं, एक चिमूटबी बदलली न्हवती. एकदा खारट निघालं, एकदा अळणी. माल तोच आणि माप वेगळं, म्हंजे गेजच बिघडलंय."

सुजी म्हणाली, "मग कशाला राबताय एवढं? चव न्हाय तर भाताची पेज द्या की. आणि आईला सांगून टाका, तुम्हाला कळलंय म्हणून."

"सांगू नगंस," तुम्ही म्हणालात म्हणे. "मला कळलंय हे तिला कळलं तर ती तोंड मिटून बसंल. आणि बरं केलं तर दोन चमचे खाती, छान म्हणती, अन् वाटी सारती. वाईट केलं की नावं ठेवत ठेवत समदी वाटी संपवती. दवाखान्याच्या काट्यावर वजन वाढलंय तिचं. तिला शिव्या द्यायला रोज नवीन काय तरी लागतंय. तेवढं मी करतो."

ऐकलंत? हे तुम्ही बोललाय. माझ्या माघारी, माझ्याच पोरीशी. मला वाटत होतं, मी तुम्हाला फसवतेय, आणि तुम्ही वाटी धरून समोर हसत उभे. लबाड माणूस! दुधातली मिसळ मुद्दाम केली होती तर. काकवीचं वरण मुद्दाम. केळ्याचं पिठलं? त्यातलं मुद्दाम किती आणि अंगभूत किती, हे आता मला कोण सांगणार? मला विचाराल तर निम्म्याहून जास्त अंगभूतच. बीटाचा रस्सा तर त्या साराच्या कितीतरी आधीचा, तो तुम्ही मनापासून केला होता. इतकं वाईट मुद्दाम करायला अक्कल लागते, आणि तुम्हाला ती एवढी असेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

त्या रात्री मी रडले. तेरा दिवसांत पहिल्यांदा. लोकांनी देवमाणूस म्हटल्यावर नाही आलं रडू, हे ऐकल्यावर आलं. मला नळी नको होती, एवढंच मी रिक्षात म्हटलं होतं. तुम्ही त्यापायी सव्वा वर्ष माझ्या तोंडच्या शिव्या खाल्ल्यात, आणि मला एकदा "बास कर" म्हणाला नाहीत.

आता पुढं काय, ते मला तुम्ही सांगून गेला नाहीत. परवा दवाखान्यात सुजीनं काट्यावर उभं केलं. वजन उतरलंय. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि सोमवारी परत या म्हणाले. सोमवारी काय बोलणार ते मला ठाऊक आहे. सुजीलाही ठाऊक आहे. काल ती वाटी घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, मला नावं ठेव. ठेव की. बाबांना ठेवायचीस तशी." मी एक चमचा घेतला, म्हटलं, "लई वाईट झालंय." पोरीचा चेहरा असा झाला की मी चमचा खाली ठेवला. दोघी रडत बसलो, वाटी तशीच गार झाली. तिचं वाईट होतच नाही हो. तिला मी शिकवलंय.

आज तेरावं झालं आणि दुपारच्या एसटीनं ती कागलला गेली. पोरीची शाळा आहे, किती दिवस राहणार? जाताना मुगाचं खिमट करून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "खा, नाहीतर खाऊ नकोस, तू जाणे." दार ओढून घेतलं. मी वाटी मांडीवर घेतली ती तुमच्या फोटोकडं तोंड करून बसले. खायला नव्हे, तुम्हाला दोन गोष्टी सुनवायला. समोरचीपासून सुरू केलं आणि सुटलेच. राग आला की माझा हात थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

आत्ता चमचा तळाला खरवडला म्हणून खाली बघितलं. चव म्हणाल तर काही नाही, खोटं कशाला बोलू. पण वाटी संपलीय, आणि तुम्हाला मी अजून निम्मंसुद्धा बोललेली नाही.